हाती धुपाटणेही उरले नाही!

‘तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांना निदान शेवटी हाती काहीतरी उरेल एवढी खात्री होती. आजच्या मध्यमवर्गीय मराठी घराने तीही सोय ठेवलेली नाही. लांब दांड्याचे पितळी धुपाटणे केव्हाच मोडीत निघाले आणि त्याच्या जागी प्लास्टिकच्या पाकिटातील अगरबत्ती आली. सकाळी नोकरीवर निघण्याच्या घाईत दोन काड्या पेटवायच्या, नैवेद्याच्या केळ्यातच त्या खोचायच्या, खिडक्या बंद करायच्या आणि दाराला कुलूप लावून जिना उतरायचा. देवाला काय अर्पण केले, ते कशाचे बनले होते, त्याचा धूर कोठे गेला, यांपैकी एकही प्रश्न घरातल्या कोणालाही पडत नाही. याला उपासना म्हणावे, की हाताला जडलेली सवय?

फार जुनी गोष्ट नाही. तिन्हीसांजेला दिवेलागण झाली की शेगडीतले निखारे धुपाटण्यात घेतले जात. कोकणात ते करवंटीचे असत, देशावर गोवरीचे. त्यावर चिमूटभर राळ, ऊद किंवा गुग्गुळ पडे. प्रथम देव्हारा, मग अंगणातील तुळस, मग माजघर, धान्याची कोठी आणि गोठा, असा तो धूप घरभर फिरे. दारे-खिडक्या उघड्या असत. चिमूट जळून गेली की धूर विरे आणि मागे मंद वास तेवढा राही. या साऱ्या कृतीत एक गोष्ट सहज साधली जाई. हातात निखारा घेऊन चालणाऱ्याचे चित्त इकडेतिकडे जाऊ शकत नाही. ज्या एकाग्रतेसाठी आता शहरांतून शुल्क भरून वर्ग लावले जातात, ती आजीच्या हातून रोज सायंकाळी विनामूल्य घडत होती. पंढरपुरी विठ्ठलाच्या नित्योपचारांत धूपारतीला सायंकाळची नेमकी वेळ आहे, ती उगीच नव्हे.

गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य या पंचोपचारांत धूपाला स्थान आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या स्थानामागे केवढी विचक्षणता आहे, हे थोडेच जाणतात. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीला स्वतंत्र अध्याय दिला आणि कोणते द्रव्य किती भाग घ्यावे याचा काटेकोर हिशेब मांडला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लासात धूपभोगाचा विचार केला. चरकसंहितेत नवजात बालकाची वस्त्रे आणि अंथरूण-पांघरूण यांना जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड आदी द्रव्यांची धुरी द्यावी, असे सांगितले आहे. ध्यानात घ्यावे की ही धुरी कपड्यांना द्यायची आहे, बालकाच्या नाकात सोडायची नाही. द्रव्य कोणते, प्रमाण किती आणि धूर कोणत्या वस्तूला, हे तिन्ही जेथे ठरलेले असते, त्यालाच शास्त्र म्हणतात.

आता आजच्या काडीकडे पाहावे. बाजारातील स्वस्त अगरबत्ती म्हणजे कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी जिगट, हे बांबूच्या काडीवर थापून मग कृत्रिम सुगंधात बुडवलेले असते. तो सुगंध पातळ करण्यासाठी डायइथिल थॅलेट नावाचे रसायन सर्रास वापरले जाते. पाकिटावर मोगरा फुललेला असतो. आत मोगऱ्याची पाकळीही नसते. खऱ्या सुगंधी द्रव्यांची मसाला बत्ती वळणारे कारागीर अजून आहेत, त्यांचा यात दोष नाही. पण त्यांच्या मालाची किंमत ऐकताच नाक मुरडणारा गृहस्थ मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या दसपट रुपये सहज उडवतो.

बांबूची गोष्ट तर उपहासाच्याही पलीकडची आहे. तिरडीला लागणारा बांबू घरात जाळू नये, असा संकेत मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. तोच बांबू रोज देवापुढे जळू लागला आणि तोही कोठला? मुख्यत्वे चीन आणि व्हिएतनाममधून आलेला! खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०२० साली सांगितले की देशाला दिवसाकाठी सुमारे १४९० टन अगरबत्ती लागते आणि देशात तयार होते सुमारे ७६० टन. २०१९ साली अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आले आणि २०२० साली बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले, तेव्हा कोठे या व्यवहाराकडे लक्ष वळले. स्वदेशीची शपथ घेणाऱ्या किती घरांनी तोवर आपल्या देव्हाऱ्यातील काडीचे मूळ गाव विचारले होते?

येथे दोन्ही बाजूंचे शहाणे सरसावतात. एका बाजूचे म्हणतात, धूर तो धूर, सारे थोतांड. हीच मंडळी सुट्टीच्या दिवशी सुगंधी मेणबत्त्या लावून ‘तणावमुक्ती’ साधतात. आता महानगरांतील दुकानांत कॅलिफोर्नियातील ‘व्हाइट सेज’ या वनस्पतीच्या जुड्याही मिळू लागल्या आहेत. घरातील ‘नकारात्मक ऊर्जा’ घालवण्यासाठी त्या जाळायच्या असतात म्हणे! ज्या मूलनिवासी जमातींना ही वनस्पती पवित्र आहे, त्यांच्या धार्मिक विधींवर अमेरिकी शासनाने १८८३ सालच्या नियमावलीने बंदी घातली होती. धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण देणारा कायदा व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. आणि आता त्यांचीच वनस्पती रानातून चोरून बाजारात येते. २०१८ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील एका संरक्षित क्षेत्रातून चोरलेला सुमारे ४०० पौंड माल पकडला गेला. एका समाजाची श्रद्धा आधी दडपायची आणि मग तिची जुडी बांधून विकायची, हा क्रम हिंदू समाजाला नवा नाही. म्हणूनच हिंदू घराने तरी त्या लुटीचे गिऱ्हाईक होऊ नये. आजीच्या उदाला नाक मुरडून परक्याची जुडी पेटवणाऱ्यास पुरोगामी म्हणायचे की नुसते पराधीन?

दुसऱ्या बाजूचे शहाणे आपल्याच घरातले आहेत आणि त्यांना बोलणे अधिक गरजेचे आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००७ साली एका बंद खोलीत हवनसामग्रीचा धूर तासभर केला आणि हवेतील जिवाणू ९४ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवले. संशोधन मोलाचे खरे. पण त्यावरून ‘धूपाने सर्व रोग जातात’ असे संदेश दिवसभर पुढे ढकलणे, हा त्या शास्त्रज्ञांवरही अन्याय आहे आणि धर्मावरही. बंद खोलीतील दाट धुरात सूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो, हेही तितकेच सिद्ध आहे. नवजात बाळाला धुराजवळ नेऊ नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते मानल्याने कोणाचा धर्म बुडत नाही. जी परंपरा सत्यावर उभी आहे तिला अतिशयोक्तीच्या कुबड्या कशाला?

आणखी एक प्रश्न शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनीही स्वतःला विचारला पाहिजे. राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या रानात सावकाश वाढणारे गुग्गुळाचे झाड अधिक डिंकाच्या हव्यासाने खोल चिरा पाडून मारले जात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ते अतिसंकटग्रस्त ठरले आहे. कालिदासाच्या रघुवंशात कामरूपाच्या वर्णनात येणारा कालागुरू, म्हणजे आसामचा अगरू, त्याच्या व्यापारावर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. ‘शुद्ध गुग्गुळ’ म्हणून मूठ-मूठ जाळणारा भक्त एका झाडाच्या मरणाला हातभार लावत नाही ना? सातपुडा-मेळघाटात सालईची झाडे आहेत, सह्याद्रीत धूपाचे झाड आहे. सालईचा डिंक वनवासी बांधव गोळा करतात. झाड राखून काढलेल्या डिंकाला त्यांच्याकडून योग्य भावाने गिऱ्हाईक मिळाले, तर झाडही टिकेल आणि घरही.

यासाठी फार काही करावे लागत नाही. पाकीटभर काड्यांऐवजी आठवड्यातून एक-दोन सायंकाळी, खिडक्या उघडून, चिमूटभर खरे द्रव्य निखाऱ्यावर घालावे. मुलांच्या हाती धुपाटणे द्यावे, बरोबर मोठ्यांनी चालावे आणि धूप संपेपर्यंत दूरदर्शन संच बंद ठेवावा. निखारा पूर्ण विझल्याची खात्री करून मगच उठावे. आणि ज्या घरात दम्याचा रुग्ण वा तान्हे बाळ आहे, त्या घराने मनात अपराध बाळगू नये. उपचाराचे द्रव्य नसेल तर त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, ही तरतूद पूजाविधीनेच करून ठेवली आहे आणि गावोगावचे पुरोहित आजही ती नित्य वापरतात.