कोड पाठ करून कोडर होता येत नाही

मीरा-भाईंदरमधली बी.एस्सी., बी.फार्म. झालेली मुले मेडिकल कोडिंगच्या क्लासची चौकशी करताना हमखास विचारतात, ‘कोड पाठ करावे लागतात का?’ नाही. अमेरिकेतील एएपीसी या संस्थेच्या सीपीसी परीक्षेत कोडची पुस्तके उघडून बसता येते. प्रश्न १००, वेळ ४ तास. म्हणजे एका प्रश्नाला अडीच मिनिटेही नाहीत. समोर पुस्तक असूनही अनेक जण अडतात, ते शरीररचनेचा अभ्यास कच्चा असल्यामुळे आणि नियम न उमगल्यामुळे.

साधे उदाहरण घ्या. बाह्यरुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिले, ‘खोकला, न्यूमोनियाची शक्यता’. विद्यार्थी लगेच न्यूमोनियाचा कोड देतो. अमेरिकी नियमानुसार तो चुकला. निदान पक्के होईपर्यंत कोड खोकल्याचाच. आणि दाखल रुग्णाला घरी सोडतानाही हीच शंका कायम असेल, तर रुग्णालयाच्या कोडिंगचा नियम नेमका उलटा! असा चुकीचा कोड गेला की विम्याचा दावा अडतो.

ही समज दोन-तीन महिन्यांत येत नाही. शिवाय निदानाचे कोड दर ऑक्टोबरात बदलतात, उपचारांचे सीपीटी कोड जानेवारीत. त्यामुळे स्वस्तातली जुनी पुस्तके महागात पडतात. पास होऊनही अनुभव नसेल, तर प्रमाणपत्रावर ‘ए’, म्हणजे अप्रेंटिस, असा शिक्का राहतो. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासनी हे फी घेण्याआधी सांगायला हवे. पालकांनीही विचारावे : शरीररचना कोण शिकवणार आणि किती तास?