वाद्य कुठंय?

गॅदरिंगच्या ऑडिशनला मी लॅपटॉप घेऊन स्टेजवर गेलो आणि दोन मिनिटांचा तुकडा ऐकवला. पुढे बसलेल्या सरांनी विचारलं, "आवाज बरा आहे, पण वाद्य कुठंय रे?" मी म्हटलं, "सर, प्रोग्रॅममध्येच आहे." सगळे हसले. आयटम कट!

हसणाऱ्यांना वाटलं, मी कुणीतरी आधी वाजवून ठेवलेलं लावलं. तसं अजिबात नव्हतं. १९८३ साली केविन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. शंभर रँडम आकडे घ्यायचे. ते ओळीने स्पीकरला पाठवायचे, आणि गेलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी तो व त्याचा शेजारी यांची सरासरी ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरू. सेकंदाला ४४,१०० आकडे या वेगाने हे फिरवलं की साधारण ४४० हर्ट्झचा सूर निघतो आणि छेडलेल्या तारेसारखा विरत जातो. हुशार माणसाला सी मध्ये पंधरा ओळी पुरतील. (माझ्या तेवीस झाल्या.)

पुढे खरी गंमत. सरासरी ठेवताना दर वेळी नाणं उडवायचं. छापा आला तर चिन्ह उलटं. त्याच तारेचा ढोल होतो! हीही त्यांचीच युक्ती. मी काय केलं, तर तार पुन्हा पुन्हा छेडत उलट्या चिन्हाचं प्रमाण शून्यापासून हळूहळू निम्म्यावर नेलं. म्हणजे वाजता वाजता तारेचा ढोल. असं वाद्य कुठल्या लाकडाचं करणार?

माझा रूममेट मिरजेचा, घरी तंबोरा. तो म्हणाला, "आणि जवारी?" इथे मात्र मी गप्प. तंबोऱ्याची तार घोडीच्या रुंद माथ्याला टेकत, सुटत राहते, खाली दोरा सरकवून ती जागा कानाने शोधावी लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच त्यावर लिहिलंय. माझ्या तेवीस ओळींत यातलं काही नाही. घालता येईल म्हणा, पण नक्कल हवीच कशाला? तंबोरा ऐकायचा तर त्याच्या घरी जावं.

मला ग्रेनोब्लचे क्लोद कादोझ जवळचे वाटतात. त्यांची २००१ची 'पिको..तेरा' ही रचना म्हणजे काँप्युटरमध्ये एकमेकांना जोडलेल्या हजारो काल्पनिक वजनांचं एकच जाळं. एकदा चालू केलं की पाचेक मिनिटं ते आपलं आपण वाजतं. कुणी हात लावत नाही.

तेव्हा कल्चरल कमिटीला विनंती, ऐकायला वाईट असेल तर आयटम खुशाल कापा, पण वाद्य दिसत नाही म्हणून नको. फॉर्मवर 'वाद्याचं नाव' असा रकाना आहे, तो यंदा मी रिकामा सोडला होता. पुढच्या वर्षी तिथे 'तार, नंतर ढोल' असं लिहून देईन.