न फेकलेल्या तबकडीचे दहा गुण

डिस्क गोल्फ या अमेरिकेत रुजलेल्या खेळात चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी साखळ्यांच्या टोपलीत फेकतात. तेथे वापरलेल्या तबकड्यांचाही संग्राहक-बाजार आहे, आणि त्याचे मूल्यनिकष साहित्याच्या अभ्यासकाने जरूर पाहावेत. साचा कोणता, प्लास्टिक कोणते, छाप कोणत्या खेपेचा हे बारकाईने तपासले जाते. इनोव्हा कंपनीच्या ‘रॉक’ तबकडीच्या तळाशी ‘सॅन मरिनो’ हे कॅलिफोर्नियातील जुने ठिकाण उमटलेले असले की भाव चढतो. ही आवृत्तीचिकित्साच झाली. तिच्याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती गुणांकनाविषयी. कधीच न फेकलेल्या तबकडीला दहापैकी दहा. झाडांवर आपटून कड झिजेल तसे गुण उतरतात. पण झिजेबरोबर तबकडीचे उड्डाणही बदलते. फेक ओसरताना एका अंगाला कलण्याची तिची ओढ कमी होते, आणि अशी मुरलेली तबकडी मुरब्बी खेळाडू सहसा विकत नाही. संग्राहक जिला खोट म्हणतो ती खेळाडूची कमाई असते. मग ते दहा गुण नेमके कशाचे?

शाईचे तर विचारूच नका. तबकडी हरवल्यास परत मिळावी म्हणून मालक तळाशी नाव लिहितो, आणि तेवढ्याने किंमत घसरते. बारा वेळा जगज्जेता ठरलेल्या केन क्लाइमोची स्वाक्षरी असेल तर मात्र तीच शाई भूषण! आमच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातही समासातल्या टिपांचे मोल टिपा कोणाच्या यावरच ठरते. त्या टिपांत काय म्हटले आहे, हे कोणी वाचून पाहत नाही.