किंमत म्हणजे सन्मान काय?

बर्गंडीच्या तांबड्या वाइनची बाटली लिलावांत लाखों डॉलरांना गेली, म्हणजे जगानें त्या वाइनचा गौरव केला, असें मानणारे रसिक अलीकडे पुष्कळ झाले आहेत. २०१८ सालीं न्यूयॉर्क येथें रोमाने-काँतीच्या १९४५ सालच्या एका बाटलीला ५,५८,००० डॉलर आले, तेव्हां या मंडळींच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. आमच्या मतें हा गौरव नसून घात आहे. आणि तो पिणाऱ्यांचा नव्हे, पिकविणाऱ्यांचा आहे.

या वाइनचें वैशिष्ट्य काय? दीजाँपासून दक्षिणेकडे गेलेली कोत-दॉर नांवाची चिंचोळी उतरण, आणि तांबड्या वाइनसाठीं पिनो न्वार हें एकच द्राक्ष. (भरमसाट पिकणारें गामे द्राक्ष हद्दपार करण्याचा हुकूम ड्यूक फिलिपनें १३९५ सालीं काढला होता, राजेलोकांनीं याहून वाईट हुकूम पुष्कळ काढले आहेत.) द्राक्ष एकच, पण बांधाच्या अलीकडची चव पलीकडे नाहीं. क्लो द वूजोचा मळा सितोच्या मठांतील संन्याशांनीं लावला. राज्यक्रांतींत तो मठाकडून काढून घेऊन विकण्यांत आला, आणि आज त्या सुमारें ५० हेक्टरांत ऐंशींच्या आसपास मालक आहेत. १८०४ च्या नेपोलियनी कायद्यानें सर्व मुलांना सारखा वांटा दिला, त्याचाहि यांत मोठा हात आहे. एखाद्याच्या वांट्याला वेलींच्या कांहीं ओळीच येतात. या तुकड्यांना हंसणारे हंसोत. हिंवाळ्यांत जो वेल छाटतो तोच पुढें वाइन करतो, हें त्यांच्यामुळेंच शक्य झालें. १९३० च्या सुमारास आंजेर्व्हील, गूज, रूसो या घराण्यांनीं पिंपें व्यापाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचें सोडून स्वतःच्या नांवानें बाटल्या भरण्यास आरंभ केला, तो याच बळावर.

आतां तोच कायदा उलटला आहे. बापाच्या मागें तिघे वारस. मळा कसणारा एक, शहरांत नोकरी करणारे दोघे. जमिनीचा भाव असा चढला आहे कीं पिढीभर पिकवूनहि भावंडांचे वांटे फिटणें कठीण. शिवाय वारसाकर, ज्याचा वरचा दर शेंकडा ४५. मग विकण्यावांचून गत्यंतर काय? २०१४ सालीं क्लो दे लाँब्रे हा मळा एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीकडे गेला. १९३२ पासून मोमेसाँ घराण्यानें सांभाळलेला क्लो द तार २०१७ सालीं पिनो या कोट्यधीशाच्या कुटुंबाकडे गेला.

कोणी म्हणेल, नव्या धन्यांपाशीं भांडवल आहे, वाइन कांहीं बिघडलेली नाहीं. कबूल. परंतु मळ्यांत वाढलेल्या मुलाला उद्यां तेथें पगारी नोकर म्हणूनच राहावें लागणार असेल, तर या सुबत्तेचें कौतुक आम्हीं कां करावें? बरें, चढी किंमत तरी त्याच्या बापाच्या पदरांत पडते काय? बहुधा नाहीं. तो आपली वाइन ठरलेल्या गिऱ्हाइकांना त्या मानानें बेतानेंच देतो. नफा पुनर्विक्रेता खातो, आणि जमिनीचा भाव मात्र याच्या माथीं बसतो.

आणि या किंमतवाल्यांची पारख केवढी! २००८ सालीं न्यूयॉर्कच्या एका लिलावांत पोंसो घराण्याच्या क्लो सें-दनीच्या १९४५ पासूनच्या बाटल्या मांडल्या होत्या. वस्तुतः तें घराणें ती वाइन १९८२ पासूनच करीत आहे. लोराँ पोंसो स्वतः फ्रान्सहून आले, तेव्हां त्या बाटल्या मागें घेण्यांत आल्या. ज्यांच्या तळघरांत अशा बाटल्या पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत पडल्या आहेत, त्यांनीं आधीं त्यांचीं बुचें काढावींत, आणि मग आमच्याशीं गौरवाच्या गोष्टी बोलाव्यात.