धंदा सोडावासा वाटतो तेव्हा

बारामती-इंदापूरकडचे छोटे व्यावसायिक आमच्याकडे येतात ते ॲसिडिटी, डोकेदुखी किंवा झोपेची तक्रार घेऊन. औषध लिहून होता होता खरं दुखणं बाहेर येतं : ‘डॉक्टर, पुन्हा नोकरी धरावी म्हणतो.’

दुकानदाराला ना हक्काची सुट्टी, ना आजारपणाची रजा. उधारी आणि हप्ते मात्र रात्रीही उशाशी. न सरणारा थकवा, कामाचा तिटकारा, ‘आपल्याला जमत नाही’ ही भावना, हे ‘बर्नआउट’. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याला आजार नव्हे, तर कामाच्या सततच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं.

नोकरीकडे परतणं ही हार नाही. पण निर्णय थकलेल्या डोक्यानं घेऊ नका. आधी बीपी, शुगर, थायरॉईड तपासा. आठवड्यातून एक दिवस शटर खाली ठेवा. घरच्यांपुढे हिशेब मांडा. मन फारच खचलं, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

दुकान पुन्हा उघडता येतं. आधी माणूस धड हवा.