लाडकी बहीण योजनेचा धडा: माहिती तपासायची कुठे?

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं की ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही पैसे घेत असल्याचं दिसतंय. कुणी एकापेक्षा जास्त योजनांचा लाभ घेत होतं, काही कुटुंबांत दोनपेक्षा जास्त लाभार्थी होत्या, काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. जून २०२५ पासून या सगळ्यांचा हप्ता तात्पुरता थांबवला गेला. महिना १,५०० रुपयांनी हिशोब केला तर ही रक्कम दरमहा साधारण ३९५ कोटी होते.

यावर राजकीय चर्चा भरपूर झाली. मी वेब ॲप्लिकेशन्स लिहितो, त्यामुळे मला यात आमच्या रोजच्या कामातला प्रश्न दिसतो: व्हॅलिडेशन, म्हणजे आलेली माहिती नियमात बसते का हे तपासणं, नेमकं कुठे करायचं? इथे मी योजनेच्या जाहीर नियमांबद्दल बोलतोय, सरकारच्या कोडबद्दल नाही.

पहिली जागा: स्क्रीन

मोबाइल नंबर नऊ आकडीच टाकला की फॉर्मवर लगेच लाल अक्षरं येतात. चूक तिथल्या तिथे कळते, हे छानच. पण ही सोय आहे, सुरक्षा नाही. स्क्रीनवरची तपासणी टाळून थेट सर्व्हरला माहिती पाठवता येते. शिवाय दारं अनेक असतात. या योजनेचे अर्ज आधी ‘नारीशक्ती दूत’ ॲपवरून आले, मग वेबसाइटवरूनही.

दुसरी जागा: ऑब्जेक्ट

ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिचे नियम एकत्र बांधलेला कोडचा तुकडा. ‘अर्ज’ हा असाच एक ऑब्जेक्ट. वय नियमात बसत नसेल तर तो तयारच होऊ द्यायचा नाही. मग अर्ज घाटकोपरच्या अंगणवाडीतून येवो, की बोरिवलीत घरी बसून भरलेला असो, नियम एकच लागतो.

याचा फायदा बघा. २८ जून २०२४ च्या जीआरमध्ये वयाची मर्यादा २१ ते ६० होती. काही दिवसांतच ती ६५ झाली. नियम एका जागी असेल तर एकच आकडा बदलायचा. ॲपमध्ये एक आणि सर्व्हरवर दुसराच आकडा राहिला, तर ६२ वर्षांच्या मावशींना सरकार हो म्हणतं आणि फोन नाही म्हणतो.

तिसरी जागा: बाकीच्या नोंदी

‘या कुटुंबात आधीच दोन लाभार्थी आहेत का?’ हे एकट्या अर्जाला कळूच शकत नाही. त्यासाठी डेटाबेसला विचारावं लागतं आणि ते काम ऑब्जेक्टच्या बाहेर, सर्व्हिस नावाच्या थरात ठेवतात. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे का, घरात चारचाकी आहे का, हे तर दुसऱ्या खात्यांच्या नोंदीत असतं. तिथून उत्तर लगेच येईलच असं नाही.

म्हणून अर्जाला ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांच्या मधली ‘तपासणी बाकी’ अशी अवस्था लागते. या योजनेत पैसे ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यात जमा व्हायला लागले, आणि पती किंवा वडिलांच्या आधारसह ई-केवायसी सक्तीची झाली सप्टेंबर २०२५ मध्ये. म्हणजे तपासणीचा मोठा भाग पैसे गेल्यावर झाला.

आधीच सगळं तपासत बसलं असतं तर गरजू बायकांना थांबावं लागलं असतं, हेही खरं. पण उशिरा तपासण्याचीही किंमत असते. नोंदी जुळवताना गफलत झाली, तर पात्र बाईचाच हप्ता थांबतो आणि मग तिलाच कागद घेऊन फिरावं लागतं.

कॉलेजचा प्रोजेक्ट करताना प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: हे तपासायला काय काय माहीत असावं लागतं? फक्त ही एक नोंद पुरेशी असेल तर नियम ऑब्जेक्टमध्ये. इतर नोंदी लागत असतील तर सर्व्हिसमध्ये, आणि उत्तर येईपर्यंत ‘तपासणी बाकी’. स्क्रीनवर तोच नियम पुन्हा दाखवा, पण फक्त वापरणाऱ्याच्या सोयीसाठी.