बाटलीत काय आहे, ते लेबलवर छापा

नारायणगुडा, काचीगुडा, सुलतान बाजार या हैदराबादच्या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथल्या वाइन शॉपसमोर उभ्या गिऱ्हाइकाला शंभर बाटल्यांवर ‘व्हिस्की’ असे छापलेले दिसते. कशात बार्लीचा माल्ट, कशात इतर धान्याचा अर्क आणि कशात उसाच्या मळीचा, हे लेबल वाचून सहसा कळत नाही.

स्कॉचपुरता हा प्रश्न ब्रिटनने कायद्याने सोडवला. २००९ च्या नियमांनुसार स्कॉच धान्यापासूनच बनते, स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरते आणि तिच्यात पाणी व रंगापुरते कॅरॅमल यांखेरीज काही मिसळता येत नाही. लेबलवर वय छापले, तर ते मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. इतक्या बंधनांत चवी सारख्याच निघतील असे वाटते, पण घडते उलटेच. आयला बेटावर लॅफ्रॉइग, आर्डबेग या व्हिस्कींसाठी बार्ली पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवतात. त्या व्हिस्कीला धुराचा, औषधी वास येतो. स्पेसाइडची ग्लेनलिव्हेट फळांच्या, फुलांच्या गंधाची. मॅकॅलनची शेरीच्या पिंपात मुरलेली व्हिस्की सुक्या मेव्याची आठवण देते. भेसळीची पळवाट बंद झाली की कारागिराला धान्य, धूर, लाकूड आणि वेळ यांतूनच चव काढावी लागते. स्कॉचची खरी ओढ इथे आहे.

या नावाचा मोह महाराष्ट्रालाही पडला होता. सहकारी साखर कारखानदारीचा पाया घालणाऱ्या प्रवरेच्या कारखान्याने ‘ड्रम बीटर’ नावाची व्हिस्की काढली. लेबलवर किल्ट घातलेला स्कॉटिश ढोलवादक होता आणि ‘स्कॉच’ हा शब्दही. स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात गेली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि ते योग्यच झाले. १९६८ पासून विकल्या जाणाऱ्या खोडे कंपनीच्या ‘पीटर स्कॉट’ व्हिस्कीला मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नाव राखू दिले, आक्षेप फार उशिरा आला, हे त्यामागचे एक मुख्य कारण.

आज भारत संख्येने स्कॉचची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. २०२४ मध्ये १९ कोटींहून अधिक बाटल्यांइतकी स्कॉच इथे आली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात १५० टक्के आयातशुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले आहे. स्पर्धा वाढणार. तिला तोंड देण्याची ताकद भारतीय माल्टमध्ये आहे: बेंगळुरूच्या ‘अमृत’ने २००४ मध्ये थेट ग्लासगोत पदार्पण केले आणि गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या ‘पॉल जॉन’नेही परदेशात नाव कमावले. हा माल आणि मळीचा अर्क एकाच नावाने विकणे दोहोंवरही अन्याय आहे.

मळीचे मद्य विकायला हरकत नाही. रमही बहुधा मळीचीच असते आणि तिला त्याची लाज नाही. केंद्राने एवढेच सक्तीचे करावे: अर्क धान्याचा की मळीचा, पिंपात किती वर्षे मुरला, हे प्रत्येक लेबलवर ठळक छापणे. तोवर गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी दुकानदाराला हा प्रश्न जरूर विचारावा.